थकीत वीजबिलाचा बनावट फोन कसा रचला जातो आणि कुठे उघडा पडतो

‘प्रिय ग्राहक, आपल्या मागील महिन्याच्या वीजबिलाची नोंद अपडेट न झाल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.’ अशा आशयाचा संदेश आणि त्याखाली एक दहा आकडी मोबाइल क्रमांक, एवढ्याच सामग्रीवर ही सगळी फसवणूक उभी असते. २०२२ साली हा मजकूर देशभर पसरला आणि किरकोळ फेरफारांसह तो आजही फिरतो आहे. कधी त्यात मीटरची केवायसी राहिल्याचे म्हटलेले असते, कधी स्मार्ट मीटरसाठी नोंदणी करायला सांगितलेले असते. सोलापुरातल्या कोणत्याही वीजग्राहकाच्या मोबाइलवर तो येऊ शकतो, कारण पाठवणाऱ्याला तुमच्याविषयी काही ठाऊक असण्याची गरजच नसते.

हा मजकूर एकदा सावकाश वाचून पाहावा. त्यात ग्राहकाचे नाव नाही, बारा आकडी ग्राहक क्रमांक नाही, थकीत रक्कम नाही. मुख्य म्हणजे ‘तुम्ही बिल भरलेले नाही’ असेही त्यात कुठे लिहिलेले नाही. नोंद अपडेट झालेली नाही, एवढेच लिहिलेले आहे. या शब्दयोजनेत मोठी धूर्तता आहे. बिल भरलेले नाही असे म्हटले असते, तर वेळच्या वेळी पैसे भरणाऱ्याने तो संदेश तिथल्या तिथे पुसून टाकला असता. नोंद झालेली नाही असे म्हटल्यावर मात्र मुदतीआधी बिल भरून पावती फाइलला लावणारा माणूसच अधिक अस्वस्थ होतो, कारण आपले पैसे गेले आणि वर वीजही जाणार, असे त्याला वाटू लागते. थकबाकीदारच अशा फोनला फसतात, हा समज त्यामुळे खरा नाही, आणि ज्यांची फसवणूक झाली त्यांच्यावर तो मोठा अन्यायही करतो.

रात्री साडेनऊची वेळही विचारपूर्वक निवडलेली असते. संदेश दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतो. तोपर्यंत वीज कार्यालयाचे काउंटर बंद झालेले असते, बँकेची शाखा बंद झालेली असते, आणि ज्याला विचारावे असा ओळखीचा वायरमन घरी गेलेला असतो. चौकशीची एक एक वाट बंद झाल्यावर माणसाच्या हातात उरतो तो संदेशाखालचा क्रमांक. अंधाराची भीती दाखवली जाते ती माणसाने इतर कुणाला काही विचारू नये म्हणून.

सोलापुरात या भीतीला जास्त धार आहे, याचे कारण या शहराच्या कामधंद्यात सापडते. टॉवेल आणि चादरीचे माग विजेवर चालतात, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या घरगुती कारखान्यांत वीज गेली की माग थांबतो, माग थांबला की मजुरीही थांबते. वीज आयोगाच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून महावितरणकडे रोखीने बिल भरण्यावर शेती सोडून इतर लघुदाब, म्हणजे घरगुती आणि छोट्या उद्योगांच्या, ग्राहकांसाठी महिना ५,००० रुपयांची मर्यादा आली, तेव्हापासून आयुष्यभर रांगेत उभे राहून रोख बिल भरलेल्या अनेकांना मोबाइलवरून पैसे भरणे भाग पडले. ज्या माणसाला हा नवा व्यवहार मुलाने किंवा पुतण्याने शिकवला आहे, त्याला तो आपल्या हातून नीट झाला की नाही, याची मनातून धाकधूक असतेच, आणि ‘नोंद झालेली नाही’ हे वाक्य नेमके तिथे जाऊन टोचते. शिवाय फोनवरचे बोलणे बहुधा हिंदीत होते. घरी तेलुगू किंवा कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांना असे सफाईदार कार्यालयीन हिंदी ऐकले की फोन मुंबईच्या मोठ्या कार्यालयातून आला असावा, असे सहज वाटते.

आता प्रत्यक्ष फोनवर काय घडते ते जवळून पाहू. अशोक चौकाच्या परिसरात घराखालीच चार माग चालवणाऱ्या एखाद्या कारखानदाराने त्या क्रमांकावर फोन लावला, असे धरून चालू. पलीकडचा माणूस अजिबात धमकावत नाही. तो नम्र असतो, घाईत असतो आणि मदत करायला तयार असतो.

‘साहेब, तुमचे पेमेंट आलेले दिसते आहे, पण सिस्टीमला अपडेट झालेले नाही. कट करायच्या लिस्टमध्ये तुमचे नाव गेले आहे.’

‘अहो, पण मी परवाच भरले की. पावती आहे माझ्याकडे.’

‘पावती बरोबर आहे साहेब, पैसे कुठे जात नाहीत. फक्त दहा रुपयांचे एक पेमेंट करा, म्हणजे मागची नोंद जुळून जाईल. मी लिंक पाठवतो. फोन ठेवू नका, मी लाइनवरच आहे.’

या संभाषणात दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या जातात. मोठी रक्कम न मागता दहा रुपये मागितल्याने समोरच्याचा संशय जवळजवळ मावळतो, कारण एवढ्याशा रकमेसाठी कोण कशाला फसवील, असे कुणालाही वाटेल. आणि फोन ठेवू न दिल्यामुळे बायकोला, मुलाला किंवा शेजाऱ्याला विचारायला उसंत मिळत नाही. दहा रुपये हे निमित्त असते. खरे काम पाठवलेल्या लिंकमध्ये असते.

ही लिंक साधारणपणे दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट, रस्टडेस्क यांसारखे ॲप उतरवायला सांगितले जाते. ही ॲप स्वतः बनावट नाहीत. दूरच्या माणसाचा संगणक दुरुस्त करण्यासाठी कंपन्या ती रोज वापरतात. ॲप उघडल्यावर पडद्यावर एक क्रमांक दिसतो आणि तो फोनवरच्या ‘अधिकाऱ्याला’ सांगायचा असतो. त्यानंतर स्क्रीन दाखवायची परवानगी दिली की तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला त्याच्याकडे जसाच्या तसा दिसू लागतो, जणू कुणी खांद्यावरून डोकावून पाहत उभे आहे. बँकांची बरीचशी ॲप अशा वेळी आपला भाग काळा करून टाकतात, पण ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर टाकलेला डेबिट कार्डाचा क्रमांक, त्यामागचे तीन आकडे आणि पडद्याच्या वरच्या बाजूला झळकून जाणारा ओटीपी हे सगळे त्याला वाचता येते. दहा रुपये भरण्यासाठी तुम्ही जी माहिती स्वतःच्या हाताने टाकता, तीच वापरून तो पलीकडे मोठा व्यवहार सुरू करतो, आणि ओटीपीही त्याला तुमच्याच पडद्यावर दिसतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. व्हॉट्सॲपवर ‘वीजबिल अपडेट’ अशा काहीतरी नावाची एपीके फाइल येते. प्ले स्टोअरला वळसा घालून अँड्रॉइड फोनवर थेट ॲप बसवण्याची ही फाइल असते. बसवताना ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि काही वेळा ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी मागते, जी मुळात दृष्टिहीन किंवा अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून आहे आणि जिच्या आधारे ॲपला पडदा वाचता येतो, बटणेही दाबता येतात. एसएमएसची परवानगी मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप दुसऱ्या क्रमांकाकडे जाऊ लागतो. ‘मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले’ असे जे लोक सांगतात, ते खोटे बोलत नसतात. त्यांनी खरोखरच ओटीपी सांगितलेला नसतो. तो फोनमधल्या ॲपने पाठवलेला असतो. घरच्यांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यापूर्वी फोनमध्ये कोणते नवे ॲप आले आहे, ते पाहावे.

समोरच्याला आपली माहिती असणे म्हणजे तो कार्यालयातला असणे, ही समजूतही मनातून काढून टाकायला हवी. काही ठग नाव, ग्राहक क्रमांक आणि बिलाची रक्कम बिनचूक सांगतात, आणि ते ऐकून भल्याभल्यांचा विश्वास बसतो. वास्तविक महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट टाकले की बिल पाहता येते, आणि हे दोन्ही आकडे जिन्यात पडून राहिलेल्या किंवा रद्दीत गेलेल्या कागदी बिलावर छापलेले असतात. ट्रूकॉलरवर दिसणारे ‘वीज अधिकारी’ हे नाव किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोतले कंपनीचे बोधचिन्ह हा तर पुरावा नव्हेच. ते कुणालाही लावता येते.

मग हा बनाव उघडा कुठे पडतो? माझ्या मते ते ठिकाण तंत्रज्ञानात नाही, कायद्यात आहे. विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ५६ असे सांगते की बिलाची थकबाकी असली, तरी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ज्याने खरोखरच बिल भरलेले नाही, त्यालाही कायद्याने पंधरा दिवसांचा अवधी दिला आहे. एवढेच नव्हे, तर बिलाच्या रकमेविषयी वाद असेल आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. हे कलम वकिलांसाठी आणि अभियंत्यांसाठी आहे असे समजून आपण ते बाजूला ठेवतो, पण घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे असे ते आहे. आजचा संदेश आणि आज रात्री अंधार, हे गणित कायद्यात कुठेच बसत नाही. म्हणून ‘आज रात्री’ हे दोन शब्द आले की पुढचे वाचण्याची गरज उरत नाही.

महावितरणकडून येणाऱ्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या जागी मोबाइल क्रमांक नसतो. तिथे व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल, एएम-एमएसईडीसीएल किंवा जेएम-एमएसईडीसीएल असे नाव असते (एमएसईडीसीएल हे महावितरणच्या इंग्रजी नावाचे लघुरूप), आणि २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे एक अक्षर जोडलेले दिसते. खात्री करायची असेल तर १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे कंपनीचे टोल फ्री क्रमांक आहेत. इथे एक सावधगिरी बाळगावी. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधून जो क्रमांक पहिल्यांदा समोर येतो, तो लावू नये, कारण ठगांनी आपलेच क्रमांक अशा नावाखाली पेरून ठेवलेले असतात. छापील बिल हातात घ्यावे आणि त्यावरचा क्रमांक लावावा.

एक प्रसंग मात्र असा आहे, जिथे खरोखरच गोंधळ होऊ शकतो. दरवर्षी साधारण एप्रिल-मेच्या सुमारास महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल देते. वापर वाढला की ठेवही वाढते, आणि नियमित बिल भरूनही हातात दुसरे बिल पडल्यामुळे लोक बुचकळ्यात पडतात. हे बिल खरे असते. ते ग्राहक क्रमांकासह येते, त्यावर रक्कम आणि मुदत असते, आणि कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपला ग्राहक क्रमांक टाकून ते तपासता येते. याच दिवसांत बनावट फोनवर विश्वास बसण्याचा धोका जास्त असतो, म्हणून घरात कुणी एकाने दोन्ही बिले स्वतः पाहून ठेवावीत.

वीजबिलाची ही युक्ती इतर वसुलीलाही तशीच लागू केली जाते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नावाने ‘दोन तासांत तुमचे सिम बंद होईल’ असा फोन येतो. ट्राय कुणाही ग्राहकाला सिम बंद करण्याविषयी फोन किंवा संदेश करत नाही, असे तिने स्वतः जाहीर केले आहे. वाहनाच्या दंडाचे चलान म्हणून एपीके येते. क्रेडिट कार्डाच्या किंवा न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी शिवीगाळ करणारे फोन येतात, आणि त्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाची माहिती उपयोगी पडते: खऱ्या कर्जाच्या खऱ्या वसुलीसाठीसुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास वसुली एजंटांना मनाई आहे, आणि धमकावणे किंवा नातेवाइकांमध्ये बदनामी करणे तर कोणत्याही वेळी चालत नाही.

एवढी काळजी घेऊनही कुणाचे पैसे गेले, तर पुढे काय करायचे, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण नेमक्या त्याच वेळी माणूस गप्प बसतो. निवृत्त गृहस्थ मुलांपासून लपवतात, सासूबाई सुनेपासून लपवतात, कारखानदार भागीदारापासून लपवतो, आणि ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ म्हणत रात्र जाते. त्या रात्रीत पैसे फार दूर गेलेले असतात. खात्यातून निघालेली रक्कम आधी दुसऱ्या कुणाकडून भाड्याने घेतलेल्या खात्यात जाते, तिथून थोड्या थोड्या रकमांनी अनेक खात्यांत फुटते, आणि शेवटी एखाद्या एटीएममधून रोख निघते किंवा क्रिप्टोत बदलली जाते. ती कुठल्या ना कुठल्या खात्यात आहे तोवरच बँक ती रोखू शकते.

म्हणून पहिले काम म्हणजे त्या फोनचा इंटरनेट बंद करणे. फ्लाइट मोड लावला की स्क्रीन पाहणाऱ्याचा संबंध तुटतो. दुसरे काम म्हणजे घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० हा क्रमांक लावणे. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदतक्रमांक आहे, आणि त्यामागे २०२१ पासून उभी असलेली एक यंत्रणा आहे, जिच्यात पोलीस आणि बँका एकमेकांना जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदवली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते; रक्कम तिथे असेल तर ती गोठवली जाते, आणि पुढे सरकली असेल तर त्या पुढच्या बँकेला सूचना जाते. फोनवर आपले बँक खाते, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. यूपीआयच्या व्यवहारात हा क्रमांक बारा आकडी असतो आणि तो बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. १९३० लवकर लागला नाही, तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार टाकावी. त्यासोबतच बँकेच्या टोल फ्री क्रमांकावरून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्यावे. बसवलेले ॲप त्यानंतर काढावे, पण त्याआधी त्याचा, संदेशाचा आणि कॉलच्या यादीचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावा.

बँकेला कळवण्याच्या वेळेला कायदेशीर महत्त्वही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याच्यावर पडते, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेवर पडते. आणि ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच आहे. ‘तुम्हीच ओटीपी दिला, आता आम्ही काय करणार’ असे काउंटरवर तोंडी सांगून परत पाठवले, तर ते मान्य करून घरी येऊ नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

पोलिसांकडेही जावेच. शहरासाठी पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे आहे आणि तालुक्यांतील लोकांसाठी ग्रामीण पोलिसांची यंत्रणा आहे. मात्र गुन्हा कुठल्या हद्दीत घडला या कारणावरून कुठल्याही ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या किंवा मोबाइलच्या साहाय्याने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ज्यांचे पैसे गेले नाहीत पण असा संदेश आला, त्यांनी तो पुसून टाकण्याआधी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या चक्षू सुविधेत त्या क्रमांकाची नोंद करावी. मार्च २०२४ पासून ती उपलब्ध आहे, आणि तिथे आलेल्या माहितीवरून असे क्रमांक तपासून बंद करता येतात.

आपल्याच गल्लीतल्या तरुण मुलांनाही एक गोष्ट सांगायला हवी. वर उल्लेख केलेली भाड्याची खाती कुठून येतात? ‘तुझ्या नावावर खाते काढ, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पैसे मिळतील’ असे सांगून कॉलेजातल्या मुलांकडून, बेरोजगारांकडून, कधी कधी पैशांची नड असलेल्या बायकांकडून ती मिळवली जातात. मुलाला वाटते, आपण कुणाला फोन केला नाही, कुणाला फसवले नाही. पण तपासाचा धागा सगळ्यात आधी ज्या नावापर्यंत पोहोचतो ते नाव त्याचे असते, आणि फसवणुकीतला सहभाग म्हणून गुन्हाही त्याच्यावर दाखल होऊ शकतो.

रक्कम गोठवली गेली म्हणजे ती परत आली असे नाही, हे शेवटी लक्षात ठेवावे. ती त्या दुसऱ्या बँकेत अडकून पडलेली असते आणि बऱ्याच वेळा आपल्या खात्यात येण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. अर्जासोबत १९३० च्या तक्रारीचा पोच क्रमांक, बँकेचा खातेउतारा, ओळखपत्र आणि रक्कम कोणत्या खात्यात गोठवली आहे याची तपास अधिकाऱ्याकडून मिळालेली माहिती जोडावी. तपास अधिकाऱ्याकडे स्वतः जाऊन ही माहिती लेखी मागावी लागते.